पिण्याची नोंद ठेवतोय, पण वही आणि बाटलीचा हिशेब जुळत नाही. तुम्ही कसं मोजता?

उद्यमनगर_४४

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लहान वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, तीन कामगार. शिरोलीच्या फाउंड्र्यांमधून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून देतो. राहायला शुक्रवार पेठेत. सातला शटर, साडेसातला घर, आठला ग्लास. नऊ-दहा वर्षं हे असंच चाललंय. सकाळी कामावर वेळेत असतो, घरात आवाज चढवलेला नाही, कुणाचं उसनं नाही. त्यामुळे यात बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही.

आषाढात विम्यासाठी तपासणी झाली. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड एक. डॉक्टरांनी विचारलं, "घेता?" म्हटलं, हो. "किती?" म्हटलं, दोन पेग. शेजारी बायको बसली होती, ती गप्प. घरी येताना गाडीवर मागून एवढंच म्हणाली, "दोन?" मला राग आला, कारण मला खरोखर दोनच वाटत होते.

आमच्याकडे श्रावण पाळतात. गटारीला मित्रांबरोबर बसलो, दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बंद. पहिल्या तीन-चार रात्री झोप लागली नाही, घामानं चादर ओली व्हायची. नंतर ठीक. सकाळी हात मात्र थरथरले नाहीत. मायक्रोमीटर हातात धरून काम करतो, थरथरले असते तर लगेच कळलं असतं. गणपती झाले आणि पुन्हा पहिल्यासारखं सुरू.

भाऊबीजेला बहीण इचलकरंजीहून आली. ओवाळलं, पण ताटातल्या पाकिटाला हात लावेना. म्हणाली, "दादा, सोड म्हणत नाही. किती घेतोस ते महिनाभर लिहून ठेव, तीच माझी ओवाळणी." त्या रात्रीपासून खिशातल्या डायरीत लिहायला लागलो. एक स्मॉल घेतला की एक रेघ.

आता अडचण सांगतो. पाच दिवसांत रेघा झाल्या अकरा. आणि पाचव्या रात्री ७५०ची बाटली संपली. ११ स्मॉल म्हणजे ३३० मिली. उरलेली ४२० मिली गेली कुठं? पाहुणा कोणी आला नव्हता, सांडली नव्हती. बराच वेळ रिकामी बाटली घेऊन स्वयंपाकघरात उभा होतो. मग पोरीच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण घेतलं. त्यावर १० मिलीची खूण असते. माझा नेहमीचा ग्लास घेतला, मी भरतो तिथपर्यंत झाकणानं पाणी ओतलं. सहा झाकणं पूर्ण आणि सातवं जवळजवळ भरून. म्हणजे ज्याला मी स्मॉल म्हणून एक रेघ मारतो तो ६८ मिली आहे. लार्जपेक्षा मोठा. डॉक्टरांना सांगितलेलं, बायकोला सांगितलेलं, बहिणीच्या ओवाळणीत लिहिलेलं, सगळं निम्म्याहूनही कमी निघालं. खोटं बोलायचं म्हणून बोललो नव्हतो, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता विचारायचं ते असं. घरी मोजता येईल, पण शनिवारी पन्हाळा रोडला मित्राच्या शेतावर बसतो तिथं काय करायचं? तांबडा-पांढरा चुलीवर असतो, मित्र ओततो, ग्लास अर्धा व्हायच्या आत पुन्हा भरतो. कधी बियर असते, ६५० मिलीची स्ट्राँग. बियरची रेघ कशी मारायची? आणि दुसरं, पाच दिवस लिहिलं तरी एक थेंब कमी झाला नाही. नुसतं लिहून कुणाचं कमी झालंय का? श्रावणात महिनाभर जमतं, म्हणजे मला व्यसन नाही असं धरायचं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. उपदेश नको, कसं केलं ते हवंय.

कसबा_बावडा_हिशेबनीस

दादा, तुम्ही झाकणानं मोजलंत तिथंच अर्धं काम झालं. मी व्यापाऱ्यांची खाती लिहितो, त्या सवयीनं सांगतो: पेग हे माप धरूच नका. पेग म्हणजे ओतणाऱ्याचा हात. वहीत मिली लिहा आणि महिनाअखेरीला त्याचे ग्रॅम करा.

हिशेब सोपा आहे. मिली गुणिले बाटलीवरचे टक्के भागिले शंभर, त्याला ०.७९ नं गुणायचं (अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं म्हणून). आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. त्यानं ३० मिलीत साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. लक्षात ठेवायला एवढंच पुरे: एक खरा स्मॉल, दहा ग्रॅम. चपटी १८० मिलीची, म्हणजे ६० ग्रॅम. तुमची ७५० म्हणजे २५० ग्रॅम, पाच दिवसांत. रोजचे ५०. पाच स्मॉल.

बियरला लोक हलकं समजतात. ६५० मिली, ८ टक्के: ४१ ग्रॅम. एक बाटली म्हणजे चार स्मॉल. पाच टक्क्यांची माइल्ड असली तरी अडीच. माझ्या मेहुण्याला हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ कागदाकडेच बघत होता, कारण तो 'दारू सोडली, आता फक्त बियर' असं सांगत फिरत होता. रोज दोन बाटल्या.

करायचं काय? महाद्वार रोडला भांड्यांच्या दुकानात स्टीलचं माप मिळतं, एका अंगाला ३०, दुसऱ्या अंगाला ६०. ते बाटलीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधून टाका. आणि दुकानदार करतो तसा आरंभीचा साठा, अखेरचा साठा लिहा. बाटली कोणत्या तारखेला फोडली, कोणत्या तारखेला संपली. वहीतल्या रेघा विसरतील, बाटली विसरत नाही. दोन्ही जुळले तर वही खरी.

तुलनेला एक आकडा देतो. ब्रिटनच्या सरकारी डॉक्टरांनी २०१६ साली सांगितलेली मर्यादा आठवड्याला १४ युनिट आहे. तिकडचं एक युनिट ८ ग्रॅमचं, म्हणजे आपले साधारण ११ स्मॉल, तेही काही दिवस कोरडे ठेवून. जागतिक आरोग्य संघटनेनं तर २०२३ मध्ये सांगितलं की सुरक्षित असं प्रमाणच नाही. तुम्ही शनिवार सोडूनच ३० वर आहात. घाबरवायला सांगत नाही, आकडा समोर असावा म्हणून सांगतो.

राधानगरी_रोड

भावा, शेतावरचं मी सांगतो, कारण माझं घोडं तिथंच अडलं हुतं. डायरी काढून लिवायला लागलास की दोस्त चेष्टा करत्यात. मी चिंचोकं न्यायला लागलो. डाव्या खिशात चार चिंचोकं. एक स्मॉल झाला की एक उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की संपलं, मग पाणी न्हाई तर ताक. आमची आज्जी जात्यावर पायल्या मोजायला असंच चिंचोकं ठेवायची, तिथनंच सुचलं.

आन् दुसऱ्याला ओतू द्यायचं न्हाई. ह्यो एकच नियम कडक. ग्लास पुरता रिकामा झाल्याबिगर भरायचा न्हाई, आन् भरायचा तर आपल्या हातानं. पयल्यांदा मित्राला राग आला. मी त्याला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, लिव्हरचं निघालंय, मोजून घ्यालोय. त्या दिवसापास्नं त्योच माझं चिंचोकं विचारतोय. जिवाचा मित्र असला तर सांगून बघ, दडवू नगोस.

जाताना गाडी कोण चालवणार ते बसायच्या आधी ठरवायचं. शंभर मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर सापडलं की केस हुतीया, पयल्या खेपेला दहा हजार दंड न्हाई तर सहा महिन्यांपर्यंत आत, कवाकवा दोन्ही. आन् शरीर तासाला एका स्मॉलच्या आसपासच जिरवतंय. रातच्याला आठ-नऊ झालं असलं तर सकाळी सातला बी उतरलेली नसती.

दार_लावून_घेतलं

मी पिणारी नाही. पिणाऱ्याची बायको आहे, म्हणून लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

बारा वर्षं आमच्या घरात हिशेब मी ठेवायचे. बाटलीवर स्केचपेननं बारीक रेघ मारायची, रात्री कुठंपर्यंत होती, सकाळी कुठंपर्यंत आली. त्यांना कळलं तेव्हा ते पाणी घालून पातळी तेवढीच ठेवायला लागले. मग मी चव घेऊन बघायला लागले. मी, जिनं आयुष्यात थेंब घेतला नव्हता, ती सकाळी सहा वाजता ओट्यापाशी बोट बुडवून चव बघत होते. मुलगा दूध मागायला आला आणि त्यानं ते पाहिलं. त्या दिवशी मी स्केचपेन कचऱ्यात टाकलं.

हे एवढ्यासाठी सांगते की तुमच्या बायकोनं "दोन?" असं विचारलं, त्यामागे असा कितीतरी काळ असू शकतो. तुम्हाला आज झाकणानं कळलं, त्यांना बाटल्या भंगारात देताना कधीचंच कळलेलं असेल. डॉक्टरांसमोर त्या गप्प बसल्या ते तुमची लाज राखायला.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: मोजायचं काम त्यांच्यावर टाकू नका. "मला आठवण कर", "तिसरा घेतला तर टोक" असलं काही सांगू नका. एकदा बायको पहारेकरी झाली की घरात ती बायको उरत नाही. हिशेब तुमचा, हात तुमचा, पेन तुमचं. पण दडवूनही ठेवू नका. खिशातली डायरी फक्त तुम्हीच बघता. आमच्याकडे शेवटी ह्यांनी स्वतःहून कालनिर्णयवर लिहायला सुरुवात केली, मी दुधाचे लिटर लिहिते त्याच चौकोनात, खालच्या कोपऱ्यात. मी काही विचारत नव्हते. पण सकाळी दूध लिहायला गेले की आकडा दिसायचा, आणि तो खरा असायचा. बारा वर्षांत पहिल्यांदा मला चव घेऊन बघावी लागली नाही.

ते सहा वरून दोनवर यायला सात महिने लागले. अजून दोन आहेत.

वॉर्डातली_सिस्टर

मी नर्स आहे, पुरुष वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत. बाकीच्यांनी चांगलं सांगितलंय, मी फक्त श्रावणाबद्दल बोलते, कारण तुमच्या लिहिण्यात मला तीच गोष्ट खटकली.

महिनाभर बंद राहिली म्हणजे व्यसन नाही, असं नसतं. श्रावणाला आधार असतो, घर पाळतं, मित्र पाळतात, शेवटची तारीख ठरलेली असते. त्यापेक्षा त्या पहिल्या तीन-चार रात्री महत्त्वाच्या आहेत. झोप उडणं, घामानं चादर भिजणं, ही शरीराला सवय लागल्याची खूण आहे. तुमचं तेवढ्यावर निभावलं. पण रोज जास्त घेणाऱ्यानं एकदम बंद केली तर पहिल्या काही तासांपासून थरथर, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, माणूस कुठं आहे हे विसरतो, आणि त्यात जीवही जातो. गटारीनंतरच्या आठवड्यात असे पेशंट मी पाहिले आहेत. देवाचं नाव घेऊन चांगल्या मनानं बंद केलेली असते, आणि घरच्यांना वाटतं बाहेरचं काही लागलं.

तेव्हा कुणीही हे वाचून उद्यापासून एकदम शून्य करू नका, विशेषतः सकाळी हात थरथरत असतील किंवा आधी कधी फिट आली असेल तर. डॉक्टरांना विचारून कमी करायची. ते बहुधा बी-वन जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतील, कारण दारूनं ते शरीरात कमी पडतं आणि मेंदूवर परिणाम होतो. झोपेच्या गोळ्या आपल्या मनानं अजिबात घेऊ नका, दारूवर तर नाहीच.

जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, 'ऑडिट' नावाची. एकूण गुण ४०. आठ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याचं, वीस किंवा जास्त आले तर व्यसनासाठी नीट तपासून घ्यायचं. एकट्यानं बसून खरी उत्तरं द्या, आणि मिली धरून द्या, रेघा धरून नको. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून जाता येतं, तिथं दारूसाठी येणारे तुम्ही एकटे नसाल. फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, आणि १४४१६ ही टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. दोन्हीला पैसे लागत नाहीत.

नऊ_वर्षं

मी आठ महिने मोजत होतो. वही, माप, सगळं. पहिले दोन मोजून झाले की पुढचं मोजायची शुद्धच राहायची नाही. सकाळी वहीत दोन, आणि डोकं फुटलेलं. आठ महिन्यांनी वही चाळली तेव्हा दिसलं की दोनवर थांबलोय असा एकही दिवस नाही. मग अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला गेलो, पूर्ण सोडली. मोजण्याला नाव ठेवत नाही, वही नसती तर मला ते दिसलंच नसतं. पण दादा, तुमच्या वहीत दोनवर थांबलेले दिवस येतात का ते बघा. येत नसतील तर मोजत बसू नका.

उद्यमनगर_४४ (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचं उत्तर एकदम देतो. घाईत लिहायचं नव्हतं.

माप आणलं, बाटलीला बांधलं. पहिल्या आठवड्यात खरे स्मॉल ३४, दुसऱ्यात २७, तिसऱ्यात २२. तिसऱ्यातले ९ एकाच शनिवारचे आहेत. भाच्याचं जावळ होतं, रात्री मामेभाऊ ओतत गेला, चिंचोके घरीच राहिले होते. लिहिले मात्र नऊच. रविवारी सकाळी पेन हातात घेऊन पाच लिहावे असं मनात आलं होतं.

'नऊ वर्षं' यांनी विचारलं ते शोधलं. एकवीस दिवसांत दोनवर किंवा त्याच्या आत थांबलेले दिवस सात, त्यातले तीन पूर्ण कोरडे. आहेत, पण कधी? ते शोधताना एक गोष्ट हाती लागली. मी दुपारी एकला जेवतो, नंतर थेट रात्री साडेनऊला. आठला बसतो तेव्हा पोटात आग असते, आणि पहिले दोन मी भुकेला घेतोय. ज्या दिवशी काही खाऊन आलो त्या दिवशी दोनवर थांबलो. सातपैकी पाच दिवस असे. म्हणून आता येताना गंगावेशीत उतरतो. तिथं कट्ट्यावर म्हैस समोर पिळून देतात ते फेसाचं दूध, एक ग्लास. लहानपणी तालमीतून आल्यावर वडील तिथंच न्यायचे. घरी पोचायला सव्वाआठ होतात, आणि पहिला ग्लास जेवणाबरोबर येतो. हे मला कुणी सांगून कळलं नसतं, रेघांच्या शेजारी वेळ लिहिली म्हणून दिसलं.

सिस्टर, ऑडिटचे १७ आले. दोनदा केली, १७च. सीपीआरला गेलो. केसपेपरच्या रांगेत ओळखीचा एक कास्टिंगवाला भेटला, दोघंही क्षणभर खाली बघत होतो, मग एकत्रच आत गेलो. तुम्ही लिहिलंत त्या श्रावणातल्या रात्रींबद्दलच डॉक्टरांनीही विचारलं. बी-वन सुरू आहे, लिव्हरची रक्ततपासणी झाली, एकदम बंद न करता आठवड्याला थोडं कमी करत जायला सांगितलंय, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय.

'दार लावून घेतलं' ताई, तुमचं लिहिलेलं मी रात्री वाचलं आणि सकाळी बायकोला वाचायला दिलं. तिनं वाचून फोन परत दिला आणि कणीक मळायला लागली. थोड्या वेळानं पाठमोरीच म्हणाली, "मी चव नाही घेतली कधी. वास घ्यायचे." मला पुढं काही बोलता आलं नाही.

आता कालनिर्णयवर लिहितोय, दुधाच्या खाली. तिचं 'दीड लि.', त्याखाली माझा आकडा. पोरीनं विचारलं हे काय, तर तिला खरं ते सांगितलं. दहावीला आहे, कळतं तिला. शेतावरच्या मित्रालाही सांगितलं. त्यानं त्याच रात्री स्वतःचा ग्लास झाकणानं मोजला, तो ७५ निघाला.

मार्गशीर्ष लागलाय. गुरुवारी घरात व्रत असतं, त्यामुळे त्या दिवशी शून्यच येणार. ते चार शून्य मी धरणार नाही, ते तिच्या व्रताचे आहेत. मला मंगळवार आणि शनिवारचे चौकोन बघायचे आहेत. बहिणीला ओवाळणीचा पहिला महिना काल फोटो काढून पाठवला, शनिवारच्या नऊसकट. महिना संपल्यावर पुढचे आकडे इथे टाकतो.